स्लोव्हेनिया : एक मुक्काम, एक चूल

परदेश सहलीचा बेत घरात ठरू लागला की अनेक कुटुंबांत एक व्यक्ती हळूच बाजूला होते. बहुधा ती आजी असते, कधी आजोबा. 'तुम्ही सारे जाऊन या, घराकडे कोणीतरी हवेच,' असे कारण पुढे केले जाते. खरे कारण स्वयंपाकघरात असते. सूर्यास्तानंतर अन्न नाही, कंदमूळ नाही, पदार्थ कोणत्या तेलात तळला याची खात्री नाही. आणि दर दोन दिवसांनी नवे शहर, नवे हॉटेल दाखविणाऱ्या सहलीत हे नियम पाळणे फार कठीण. आचाऱ्यासह निघणाऱ्या जैन सहली आहेत, परंतु त्यांचे मार्ग ठरलेले असतात आणि दरही भारी. अशा कुटुंबांनी स्लोव्हेनियाचा विचार अवश्य करावा.

इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्यामध्ये वसलेला हा देश 1991 साली युगोस्लाव्हियापासून स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ सुमारे 20,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडे अधिक. या लहानपणातच त्याची सोय आहे. राजधानी ल्युब्लियाना जवळजवळ मध्यभागी. तेथून ब्लेडचे सरोवर सुमारे 55 किलोमीटर, पोस्तोयनाची गुहा सुमारे 50 किलोमीटर. सकाळी डबा घेऊन निघावे, पाहून यावे आणि संध्याकाळी आपल्याच चुलीपाशी परतावे. आठ दिवसांत सामानाची बॅग एकदाच उघडावी लागते.

त्यासाठी हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. दरमाणशी दररात्री आकारला जाणारा पर्यटन कर भाड्यात धरला आहे की नाही, हे आधीच विचारावे. शेगडी बहुधा विजेची असते, पुष्कळदा इंडक्शनची. त्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. इंडक्शनवर चालणारा लहान कुकर बरोबर न्यावा. नळाचे पाणी पिण्यास उत्तम असते. 2016 साली या देशाने पिण्याच्या पाण्याचा हक्क राज्यघटनेतच लिहून ठेवला. ज्यांना पाणी गाळून वा उकळून घ्यायचे आहे त्यांनी गरणे न्यावे.

तांदूळ, डाळी, पीठ, ताजी भाजी सर्व मिळते. ल्युब्लियानात नदीकाठी वास्तुविशारद योझे प्लेच्निक यांनी उभारलेल्या स्तंभांच्या ओळीशेजारी मोठी मंडई भरते. जूनमध्ये तेथे चेरीचे ढीग लागतात. मात्र रविवारी मंडई बंद, आणि कायद्यानेच बहुतेक मोठी दुकानेही बंद. शनिवारी बाजार न करणाऱ्याला रविवारी खाकऱ्यावर दिवस काढावा लागेल.

भारतातून काय न्यावे, यापेक्षा काय नेऊ नये हे अधिक महत्त्वाचे. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास प्रवाशांना मनाई आहे. तुपाचा डबा, पेढे, पनीर विमानतळावरच काढून घेतले जाऊ शकते. आंबा, लिंबू, हिरवी मिरची, कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही. केळी व खजूर चालतात. तेलातले खाकरे, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि कोरडे मसाले निर्धास्त न्यावेत.

बाहेर खाण्याची वेळ आलीच तर चार शब्द पाठ असावेत. 'ब्रेझ' म्हणजे विना. ब्रेझ मेसा, मांसाविना. ब्रेझ यायत्स, अंड्याविना. ब्रेझ चेबुले, कांद्याविना. ब्रेझ चेस्ना, लसणाविना. बटाट्याला क्रोम्पिर म्हणतात. पाकिटावर 'मास्त' दिसल्यास ते मस्त समजू नये, ती प्राण्याची चरबी असू शकते. लोण्याला 'मास्लो' म्हणतात. चीज जमविण्यासाठी अनेक ठिकाणी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, म्हणून तेही चौकशीविना घेऊ नये. ब्लेडची प्रसिद्ध मलईची वडी अंड्याची असते. कुट्टूच्या पिठाचा 'ज्गान्त्सी' हा पदार्थ घरगुती व साधा, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पेरण्याची चाल आहे.

आणि मध. हा देशच मधमाश्यांचा. 20 मे हा जागतिक मधमाशी दिन स्लोव्हेनियाच्या आग्रहावरून संयुक्त राष्ट्रांनी मान्य केला; अठराव्या शतकातील मधमाशीपालक अँटन यान्शा यांच्या स्मरणार्थ ती तारीख निवडली गेली. गावोगाव पाहुण्यांपुढे मध ठेवण्याची रीत आहे. 'ब्रेझ मेदू' असे हसून सांगितल्यास कोणी रागावत नाही. मध वर्ज्य असला तरी रादोव्लित्सा येथील मधमाशी संग्रहालय वर्ज्य मानण्याचे कारण नाही. पोळ्यांच्या पेट्यांवर चितारलेल्या जुन्या लाकडी पट्ट्या तेथे पाहण्यासारख्या आहेत.

ब्लेडच्या सरोवराभोवतीचा सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता बहुतेक सपाट, वयस्कांना झेपणारा. बेटावरील चर्चसाठी नावेतून उतरल्यावर 99 पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर काठावरूनही दृश्य उणे नाही. पोस्तोयनाच्या गुहेत 1872 पासून रूळगाडी आहे. गाडीचा प्रवास झाल्यावर साधारण दीड किलोमीटर चालावे लागते. आत वर्षभर दहा अंशांच्या आसपास थंडी, तेव्हा शाल हवीच. याच भागातील अंधाऱ्या पाण्यात 'मानवी मासा' नावाचा आंधळा, फिकट उभयचर जीव राहतो. तो अन्नाशिवाय दीर्घकाळ जगू शकतो. उपवासाचे मोल जाणणाऱ्या आजीला हे नातवंडांनी जरूर सांगावे. श्कोत्सियानच्या गुहा अधिक भव्य, पण तेथे पाचशेच्या वर पायऱ्या आहेत.

जूनमध्ये ल्युब्लियानात सूर्य सव्वापाचच्या आत उगवतो आणि नऊच्या सुमारास मावळतो. दिवसभर फिरून आल्यावर ताजा स्वयंपाक करून चौविहार सहज साधतो. नवकारसीही सहाच्या सुमारास येते. डिसेंबरात हेच गणित उलटते. सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो, म्हणून नाताळातील स्वस्त तिकिटे चौविहार करणाऱ्यांच्या कामाची नाहीत. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. पेढीवरचा संध्याकाळचा हिशेब तेथे दुपारीच विचारून होतो.

भारतातून थेट विमान नाही. व्हेनिस, व्हिएन्ना किंवा झाग्रेब येथे उतरून पुढे बस वा रेल्वे घेता येते. व्हिसा शेंगेन, शुल्क प्रौढास 90 युरो, प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा. विमान कोठेही उतरो, सर्वाधिक रात्री जेथे काढायच्या त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. चलन युरो. कार्डाच्या यंत्रावर 'रुपये की युरो' असे विचारल्यास युरोच निवडावे. रुपयांचा दर सोयीचा दिसतो, पण महाग पडतो. सहल कंपनीकडून पॅकेज घेतल्यास टीसीएस वसूल होतो आणि तो प्राप्तिकरात वळता करता येतो. तेव्हा नोंदणी अशा सदस्याच्या पॅनवर करावी जो विवरणपत्र भरतो. चातुर्मासापूर्वी घरी परतायचे असल्यास मे-जूनच्या प्रवासासाठी कागदपत्रांची जुळवाजुळव फेब्रुवारीतच सुरू करावी, आणि आजीच्या पासपोर्टची मुदत सर्वांत आधी पाहावी.