चेंबर उघडण्याआधी

ऑटोमॅटिक गाडीने रस्त्यात एक झटका दिला की पुण्यात तिचं निदान गॅरेजला पोहोचायच्या आधीच होऊन जातं. सोसायटीतलं कुणीतरी म्हणतं, ‘गिअरबॉक्स गेला.’ दुसरं कुणीतरी खर्चाचा आकडा सांगतं. मालक माझ्याकडे येतो तो गाडी काढून टाकायचं मनाशी ठरवूनच. गिअरबॉक्स गेला हे सगळ्यात शेवटी बोलायचं वाक्य आहे. त्याआधी पाहायचं पुष्कळ असतं, आणि त्यातलं बरंचसं एकही बोल्ट न सोडवता पाहता येतं.

सुरुवात तक्रार नीट ऐकण्यापासून. ‘झटका मारते’ एवढ्यावर मी कधीच थांबत नाही. सकाळी पार्किंगमधून रिव्हर्स टाकला की क्षणभर काहीच होत नाही आणि मग धाडकन गिअर बसतो? की चढावर इंजिन ओरडतं पण गाडी रेटत नाही? की साठ-सत्तरच्या वेगात, ॲक्सिलरेटरवर पाय हलका असताना, रस्त्यावर रंबलर असल्यासारखी गाडी थरथरते? ही तीन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात बहुधा ऑईल कमी असतं किंवा आतले रबरी सील कडक होऊन दाब उशिरा तयार होतो. दुसऱ्यात क्लच प्लेटा घसरताहेत. तिसऱ्यात टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच नीट पकडत नाही, आणि तो पुष्कळदा नुसत्या नव्या ऑईलने शांत होतो. तिघांचा खर्च एकमेकांच्या आसपासही नाही.

त्यातही गिअरबॉक्सशी संबंध नसलेली कारणं आधी बाजूला काढावी लागतात. इंजिनचं माउंटिंग तुटलं असलं तरी अगदी तसाच झटका बसतो. बॉनेट उघडं ठेवायचं, ब्रेक घट्ट दाबून ‘डी’ आणि ‘आर’ आलटून पालटून टाकायचं आणि इंजिन किती उसळतं ते बघायचं. बॅटरी मेलेली असेल, अर्थिंगची वायर गंजली असेल तरी गिअर भलत्या वेळी पडतात. गिअर ‘पी’मधून हलतच नाही म्हणून गाडी टोचन करून आणतात आणि कारण निघतं ब्रेक लाइटचा स्विच!

मग फेरी. धनकवडीतून निघून मी गाडी आधी बायपासवर घालतो, कारण थरथर सपाट रस्त्यावर, एका लयीत चालवतानाच कळते. गाडी चांगली तापली की कात्रजचा जुना घाट. गिअरबॉक्सची खरी प्रकृती चढावर दिसते, तीही गरम असताना. थंड गाडीवर दिलेलं मत मी मत धरत नाही.

परत आलो की डिपस्टिक. ऑईल पांढऱ्या कागदावर एक थेंब घेऊन उजेडात बघायचं आणि हुंगायचं. नवं ऑईल लाल असतं. तपकिरी झालं तर वय झालं, एवढाच त्याचा अर्थ. काळं आणि करपल्या वासाचं असेल तर प्लेटांचं अस्तर जळलंय. आणि दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी तिथेच बंद करायची. रेडिएटरच्या आतला ऑईल कूलर फुटून पाणी गिअरबॉक्समध्ये शिरलेलं असतं आणि पाण्याने प्लेटांवरचं अस्तर सुटत जातं. अशी गाडी ‘घरापर्यंत जाऊ द्या’ म्हणून कुणी चालवू लागला तर मी किल्ली देत नाही.

मात्र काही गाड्यांत डिपस्टिकच नसते. पुण्याशी नातं असलेली गाडी सांगतो. मर्सिडीजने भारतात 1995 साली जोडणी सुरू केली ती पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. चाकणचा कारखाना 2009चा. डब्ल्यू-124च्या मागोमाग आलेली डब्ल्यू-210 पिढीची ई-क्लास आता वापरलेली, स्वस्तात मिळते, आणि लोक तिच्या 722.6 या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकला घाबरतात. तिच्या नळीला वर नुसतं झाकण आहे. पातळी मोजायची पट्टी गॅरेजने बाळगायची, ऑईल 80 अंशांवर आणून मोजायचं. हे ऑईल गाडीच्या आयुष्यभराचं, असं सुरुवातीला धरलं होतं. पुढे कंपनीनेच 60,000 किलोमीटरला बदल सांगितला.

सहकारनगरच्या एका निवृत्त सरांची अशीच ई-क्लास आली. सिग्नलवरून उचलत नव्हती, साठला इंजिन किंचाळत होतं. बंद करून पुन्हा चालू केली की दोन-चार किलोमीटर बरी. दुसरीकडे त्यांना पूर्ण गिअरबॉक्स उघडायचा सल्ला मिळाला होता. खरं तर ही खूणच होती. या गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटला काही चुकतंय असं वाटलं की तो गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकवून ठेवतो, म्हणजे निदान घर गाठता यावं. स्कॅनरने वेगाच्या सेन्सरकडे बोट दाखवलं. गाडी लिफ्टवर घेतली तर गिअरबॉक्सखालच्या ऑईलच्या चेंबरची उजवी बाजू ओली. तिथे 13 पिनांचा एक गोल प्लग आहे. त्याच्या ओ-रिंगा उष्णतेने कडक होतात आणि ऑईल झिरपतं. ते कधी वायरींच्या आतून चढत चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचतं. मी युनिटचा कनेक्टर सोडवून आधी तेच पाहिलं. थोडा ओलावा होता, पुसून निघाला.

‘जुन्या गिअरबॉक्सचं ऑईल बदललं की तो बसतो म्हणतात, मिस्त्री,’ सर म्हणाले.

‘सर, तो बसायला लागल्यावरच लोक ऑईल बदलतात. नाव नव्या ऑईलवर येतं,’ मी म्हटलं. ‘चेंबर काढतो. आत काय आहे ते तुम्हीच बघा.’

चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप होता; बोटांत चोळला तर टोचलं काहीच नाही. एवढी झीज नियमातली. चकाकणारे तुकडे किंवा पितळी किस सापडला असता तर मी ऑईल भरलंच नसतं, सरळ तसं सांगितलं असतं. चेंबर उघडलाच होता तर सेन्सर ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट, फिल्टर, गॅस्केट आणि तो प्लग बदलला. कन्व्हर्टरलाही या गाडीत ड्रेन बोल्ट आहे. इंजिन पान्याने हाताने फिरवत तो समोर आणला. हे महत्त्वाचं, कारण नुसता चेंबर सोडला तर निम्म्याच्या आसपास ऑईल आतच राहतं. ज्या गाड्यांत हा बोल्ट नाही तिथे मी काढायचं, भरायचं, गाडी चालवायची आणि पुन्हा काढायचं, असं करतो. मशीन लावून दाबाने धुवायला मात्र माझा ठाम नकार असतो. जुन्या गिअरबॉक्सच्या कोपऱ्यात बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकतो. ऑईल बदलल्याने गिअरबॉक्स बसतो या समजुतीत काही तथ्य असेल तर एवढंच.

ऑईल कुठलं, यावर तडजोड नको. सन 2003 नंतरच्या होंडा सिटीतल्या सीव्हीटीला तिचं स्वतःचं ऑईल लागतं. कुणी नाना पेठेतून साधं लाल आणून ओतलं की सुटताना गाडी हमखास थरथरते. लाल रंग म्हणजे नुसता रंग आहे. प्लेटांनी कधी सरकायचं आणि कधी पकडायचं हे त्यातल्या घर्षणाच्या रसायनांवर ठरतं. एकेकाळी त्यासाठी स्पर्म व्हेलचं तेल घालत. 1970च्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि ऑईलवाल्यांना सगळी कृती नव्याने बसवावी लागली.

बदलायचं कधी, याला मी पुस्तिकेपेक्षा पुण्याचा रस्ता प्रमाण मानतो. टॉर्क कन्व्हर्टरचं मूळ हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरच्या 1905च्या पेटंटात आहे, तेही जहाजांसाठी. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यात लोखंडी सांधा नसतो. एक चक्र ऑईल भिरकावतं, त्या माऱ्याने दुसरं फिरतं. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी उष्णता. हिंजवडीच्या रांगेत किंवा विद्यापीठ चौकात गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा हा फरक सतत असतो आणि ऑईल करपत राहतं. म्हणून पुस्तिकेत 60,000 लिहिलं असेल तर मी 40,000ला बोलावतो. सरांनाही तेच सांगितलं, आणि मधल्या काळात पार्किंगच्या फरशीवर लाल डाग दिसला तर त्याच दिवशी फोन करायला.