पोराला कुठे घालू, आयटीआयला की मिस्त्रीच्या हाताखाली?

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी मला चार-पाच फोन येतात. नांदेड फाट्याला माझं कंट्रोल पॅनेल बनवायचं छोटं वर्कशॉप आहे, आठ माणसांचं. मी स्वतः १९९१ चा आयटीआय इलेक्ट्रिशियन. त्यामुळे ओळखीपाळखीत "त्यांना विचारा" म्हणून माझं नाव निघतं.

या वेळी आल्या त्या आमच्या गल्लीत पोळ्यांची कामं करणाऱ्या ताई. पोरगा त्रेपन्न टक्क्यांनी पास. समोर तीन रस्ते. सरकारी आयटीआयला दोन वर्षं इलेक्ट्रिशियन. नाहीतर एका खासगी सेंटरचा तीन महिन्यांचा कोर्स, सर्टिफिकेटसकट. नाहीतर ओळखीच्या वायरिंगवाल्या मिस्त्रीकडे उद्यापासून कामाला, रोजचे चारशे रुपये.

"दादा, दोन वर्षं कमाईशिवाय काढायची म्हणजे मला कसं झेपेल ते सांगा. आणि तिथे खरंच शिकवतात का?"

पहिल्या प्रश्नावर काहीतरी बोलता आलं. दुसऱ्यावर मी जरा गप्पच झालो. कारण 'खरंच शिकवतात का' हा प्रश्न मला कुणीतरी माझ्याच वर्कशॉपबद्दल विचारायला हवा होता, आणि तो मला २०२२ मध्ये फार वाईट पद्धतीने विचारला गेला.

त्या जुलैत आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक पोरगा लागला होता. तीन महिन्यांचा कोर्स करून आलेला. कुठल्या सेंटरमधून ते लिहीत नाही, पुढे वाचाल तर कळेल की दोष तिथेच संपत नाही. तीन आठवडे झाले असतील. टेस्टिंगला लावलेल्या पॅनेलमधली एक सैल वायर घट्ट करायला मिस्त्रींनी त्याला सांगितलं. पोराने मेन स्विच बंद केला. तिथपर्यंत बरोबर. मग हात आत घातला आणि तो स्विचच्या वरच्या टर्मिनलला लागला. स्विच बंद केला तरी वरच्या बाजूला, जिथे बाहेरची केबल येते तिथे, सप्लाय असतोच. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की हे कुणाला सांगावं लागतं हेच आम्ही विसरतो.

पोरगा मागे फेकला गेला. तीन बोटं भाजली, दोन दिवस दवाखान्यात. वाचला, कारण बूट कोरडे होते आणि दुसरा हात कशाला टेकलेला नव्हता. नंतर मी त्याची फाईल काढून बघितली. 'विद्युत सुरक्षा' या विषयात वीसपैकी अठरा मार्क.

मी मिस्त्रींवर ओरडलो. बावीस वर्षांचा अनुभव तुमचा, एवढं सांगता आलं नाही? मिस्त्री लातूरकडचे, एरवी कमी बोलणारे. त्या दिवशी बोलले.

"शेठ, संध्याकाळी तुम्ही पॅनेल मोजता. पोराला काय शिकवलं ते कधी विचारलंय? त्याला शिकवत बसलो तर माझं पॅनेल कोण पुरं करणार?"

मग थोडं थांबून म्हणाले, "आणि मी तयार केलेला तो आधीचा पोरगा आठवतो ना?"

आठवत होता. कोविडनंतर काम आटलं तेव्हा मी मिस्त्रींना आठवड्यातून तीनच दिवस बोलवत होतो. त्यांनीच तयार केलेला पोरगा मात्र पूर्ण आठवडा ठेवला होता, कारण तो स्वस्तात पडत होता. हिशेबाने ते बरोबर होतं. पण मिस्त्रींनी त्यातून काय धडा घेतला असेल, हा विचार मला दोन वर्षं शिवला नव्हता. आपण शिकवायचं, आणि शिकवलेल्यानेच आपल्या पोटावर पाय द्यायचा. कोण शिकवेल? मीही शिकवलं नसतं.

कसब्यातल्या तांबट आळीत कधी उभे राहिला असाल तर तिथल्या मठारकामाचा ठोका ऐकला असेल. ती कला पिढ्यान्‌पिढ्या घरात टिकली, कारण शिकणारा घरातलाच होता. बाप मुलापासून काही लपवत नाही. तो मोठा झाला तर घरच मोठं होणार असतं. आमच्या वर्कशॉपमध्ये मात्र शिकणारा परका, शिकवणारा परका, आणि दोघांचा पगार काढणारा मी तिसरा. तिथे 'हाताखाली राहून शीक' म्हटलं की बरेचदा अर्थ होतो, चहा आण, शिडी धर, आणि चोरून बघता आलं तर बघ.

म्हणून 'प्रत्यक्ष कामातूनच खरं शिक्षण' असं कुणी टाळ्या घेत बोललं की मी सावध होतो. कामातून काम शिकता येतं, पण समोरच्याला शिकवायचं असेल तर.

आयटीआयला नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे, त्यात मी नाही. १९५० पासून ही कारागीर प्रशिक्षणाची योजना चालू आहे आणि पिंपरी, भोसरी, हडपसरचे कारखाने या पोरांच्या हातांवर चालले. (कागदावर आम्हा इलेक्ट्रिशियन लोकांना वीजतंत्री म्हणतात, फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता. शब्द छान आहेत. पण स्वतःला संधाता म्हणवणारा वेल्डर मला अजून भेटायचाय.) ड्रॉइंग वाचणं, ओहमचा नियम, केबलचा साईज काढणं हे मला तिथे मिळालं. वर्कशॉपमध्ये हे कुणी शिकवत नाही. तिथे 'चार स्क्वेअरची टाक' एवढंच सांगतात, का ते नाही. आणि महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी अर्ज करायचा तर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआयचा कागद लागतोच. मिस्त्रीकडे दहा वर्षं घासलेला माणूस त्या रांगेत उभाच राहू शकत नाही.

पण तासांचं गणितही बघा. २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात वर्षाचे १६०० तास होते ते १२०० झाले. पहिल्या वर्षात त्यातलं प्रात्यक्षिक ८४० तास. त्यात निदेशक तासिका तत्त्वावरचा असेल, वर्षाच्या मध्यात बदलला, तर त्या ८४० तासांचं काय होतं ते आयटीआय केलेल्या कुठल्याही पोराला विचारा.

सरकारी पैसा कुठे जातो तेही बघू. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, चारपासून पुढे ऐच्छिक, म्हणजे मीही घेऊ शकतो. स्टायपेंडपैकी पंचवीस टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार देतं आणि ते आता थेट पोराच्या खात्यात जातात. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, त्यात आयटीआयवाल्याला महिना ८००० रुपये, तेही खात्यात. आधी सहा महिने, मग अकरा. पोराला पैसे मिळतात ते चांगलंच आहे, त्याशिवाय ताईंसारख्या घरातला पोरगा शिकूच शकत नाही. पण ज्या मिस्त्रीने आपलं काम बाजूला ठेवून शिकवायचं, त्याच्या खिशात यातला रुपया पडत नाही, आणि त्याने काय शिकवलं हेही कुणी त्याला विचारत नाही.

जर्मनीचं उदाहरण आपले मंत्री भाषणात देतात. २०२४ ला बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी आपल्या सरकारने कुशल मनुष्यबळाचा करारही केला. त्या पद्धतीचं आपण एवढंच उचललं की थोडे दिवस शाळेत, थोडे कारखान्यात. तिकडे कारखान्यात पोरांना शिकवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला त्यासाठी स्वतः परीक्षा द्यावी लागते. मास्टर व्हायचं तर शिकवता येतं का, हा त्या परीक्षेचाच एक भाग. म्हणजे शिकवणं हे काम धरलंय, उपकार नाही. आपल्या काही आयटीआयमध्येही ड्युअल पद्धतीचे वर्ग आहेत. तिथे प्रवेश घेताना एकच विचारा, कंपनीत माझ्या पोराच्या शेजारी कोण उभं राहणार आहे?

एवढं लांब कशाला, शिरूर तालुक्यातलं पाबळ घ्या. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईची मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे आले आणि विज्ञान आश्रम उभा केला. शाळेतल्या पोरांनी हाताने काम करत शिकायचं, आणि ते काम गावातल्या खऱ्या माणसाच्या उपयोगाचं असायचं. मी तिथे दोनदा गेलोय. काम खरं असलं की चूक लपत नाही, हे मला तिथे पटलं.

तर आमच्याकडे काय केलं ते सांगतो. फार मोठं नाही. शनिवारी दुपारी दोन तास उत्पादन बंद. त्या दोन तासांचे मिस्त्रींना वेगळे पैसे, शिकवणीचे म्हणून. आणि एक गोष्ट लिहून दिली की कुणीही तयार झालं तरी तुमचे दिवस आणि रेट कमी होणार नाहीत. त्या कागदावर सही करताना माझा हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू.

भंगारातल्या एका स्टार-डेल्टा स्टार्टरचं पॅनेल मिस्त्रींनी मांडलं, कंट्रोल सप्लाय चोवीस व्होल्टचा. दर शनिवारी ते त्यात गुपचूप एक फॉल्ट घालतात. कधी जळका फ्यूज, कधी कॉन्टॅक्टरच्या फटीत कागदाचा कपटा, कधी स्लीव्हच्या आत तुटलेली वायर. पोरांनी आधी वहीत लिहायचं की कुठे बघणार आणि का. मगच मीटरला हात. आणि सगळ्यात पहिला धडा, जो २०२२ ला द्यायला हवा होता: टेस्टर आधी चालू सप्लायवर तपासायचा, मग जिथे काम करायचं तिथे बघायचं, मग पुन्हा चालू सप्लायवर. टेस्टरच मेलेला असेल तर तो सगळीकडे 'सप्लाय नाही' असंच सांगतो.

सुरुवातीचे तीन महिने डिलिव्हरी लेट झाल्या, एका गिऱ्हाइकाने बोलणी खाऊ घातली. एक पोरगा सात महिन्यांत चाकणला गेला, तीन हजार जास्त मिळाले म्हणून. मला राग आला. मिस्त्रींना नाही आला. "जाऊ द्या शेठ, तिकडे मरणार तरी नाही." बोटं भाजलेला पोरगा मात्र अजून आमच्याकडेच आहे. हल्ली मिस्त्री गावी गेले की फॉल्ट तोच घालतो, आणि मिस्त्रींपेक्षा वाईट घालतो.

सिंहगड रोड, धायरी, भोसरी भागातल्या वर्कशॉपवाल्यांना आणि आयटीआयच्या व्यवस्थापन समित्यांवर असलेल्यांना एक विनंती. कारखान्यातून निवृत्त झालेले टूलरूम फिटर, पॅनेल वायरमन, वेल्डर पुण्यात गल्लोगल्ली घरी बसून आहेत. त्यांना आठवड्यातून एक दिवस बोलवा, मानधन द्या. सत्कार आणि नारळ नको. ओळखीत कुणी असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, माझ्या ओळखीच्या दोन वर्कशॉपना लगेच हवे आहेत.

ताईंना मी आयटीआयचंच सांगितलं. फी फार नाही, कागद आयुष्यभर लागतो. तीन महिन्यांचा कोर्स नको, आणि मिस्त्रीकडे तर अठरा पूर्ण व्हायच्या आत नकोच. शनिवारी दुपारी आमच्याकडे पाठवा, जाण्यायेण्याचे पैसे देईन, चालू लाईनला हात लावू देणार नाही. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. सकाळी तो पेपरची लाईन टाकतो, आयटीआयची वेळ त्यात बसते का ते बघून सांगते म्हणाल्या.