तीन आकड्यांमधलं अंतर

गाडी ओढत नाही, निळा धूर सोडते, सकाळी चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय उठत नाही, अशी तक्रार आली की गॅरेजमध्ये ‘एकदा कॉम्प्रेशन बघून घेऊ’ हे वाक्य येतंच. प्लग काढायचे, भोकात गेजची नळी बसवायची, सेल्फ मारायचा आणि काटा थांबेल तो आकडा रक्ततपासणीच्या रिपोर्टासारखा वाचून दाखवायचा. १२० आले, म्हणजे इंजिन कामाला आलं. ही तपासणी मी स्वतः करत आलो आहे आणि जितकी केली तितका त्या सुट्या आकड्यावरचा माझा विश्वास उडत गेला आहे. मी आता दोनच गोष्टी बघतो: एका सिलिंडरचा आकडा शेजारच्याहून किती दूर आहे, आणि काटा वर चढताना कसा चढला. हे मत गॅरेजमधल्या रोजच्या रीतीला धरून नाही, म्हणून त्यामागचा हिशेब मांडायला हवा.

मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन घेऊ. तीन सिलिंडर, म्हणजे एकाच्या वाट्याला सुमारे २६५ सीसी. कॉम्प्रेशन रेशो सोयीसाठी ९ धरू. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय, त्याला नवाने गुणलं तर १३२ येतात. पण ठीकठाक इंजिनावर गेज १७० ते १८० च्या घरात जातं. कारण दाबली जाणारी हवा तापते आणि तापलेली हवा जास्त जोर लावते. उलट बाजूने, काही उष्णता सिलिंडरची भिंत शोषते, आणि पिस्टन वर निघाल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असल्याने काही हवा परत फिरते. या ओढाताणीतून जो आकडा उरतो, त्यावर इंजिनाच्या तब्येतीइतकाच परिस्थितीचाही हात असतो. समुद्रसपाटीवर मुंबईत १८० दाखवणारं इंजिन जसंच्या तसं महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटर उंचीवर नेलं, तर तिथल्या हवेचा दाब सुमारे १५ टक्के कमी असल्यामुळे काटा १५० च्या थोडा पुढे थांबेल. रिंगा त्याच, व्हॉल्व्ह तेच. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला नसला तर हवाच कमी शिरते. बॅटरी उतरलेली असली तर पिस्टन रेंगाळत वर येतो आणि गळतीला उसंत मिळते. इंजिन थंड असलं तर आकडा आणखी वेगळा.

गेजही निर्दोष नसतं. ९ रेशोच्या या सिलिंडरमध्ये पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी जागा जेमतेम ३३ सीसी. गेजच्या नळीच्या टोकाला, प्लगच्या भोकालगत, एक छोटा एकदिशा व्हॉल्व्ह असतो. तो तिथे न बसवता वर डायलपाशी बसवलेला असला, तर मधल्या नळीची पोकळीही त्या ३३ सीसीत मिसळते. पोकळी ६ सीसी धरली तरी रेशो ९ वरून पावणेआठवर येतो, म्हणजे सुदृढ इंजिनाला केवळ नळीने आजारी ठरवलं. तो व्हॉल्व्ह दिसायला टायरच्या वॉलपिनसारखाच असतो, पण त्याची स्प्रिंग मुद्दाम नरम ठेवलेली असते. तो खराब झाल्यावर पंक्चरवाल्याकडची पिन बसवून काम भागवलं जातं; ती उघडायलाच जास्त दाब लागतो आणि त्या दिवसापासून आलेली प्रत्येक गाडी थोडी अशक्त दिसू लागते.

आता या सगळ्या चुका नीट पाहिल्या तर त्यांचा एक गुण लक्षात येतो: त्या तिन्ही सिलिंडरांना सारख्याच लागतात. उंची एकच, नळी एकच, ॲक्सिलरेटरवरचा पाय एकच. म्हणून १४०, १४२, १३८ असे आकडे आले तर मी फारसा घाबरत नाही, पण १७५, १७२, १२० आले की तिसऱ्या सिलिंडरवर बोट ठेवता येतं. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊणपटीखाली जाऊ नये, हा जुना ठोकताळा याच तुलनेवर उभा आहे. याला अपवाद बॅटरीचा. पहिल्या सिलिंडरला ती ताजी असते आणि तिसऱ्यापर्यंत दमते. त्यावर उपाय सोपा: तिसरं झाल्यावर पहिलं सिलिंडर पुन्हा मोजायचं. तोच आकडा आला तर बॅटरी साक्षीदार म्हणून चालेल. तपासणीआधी सगळेच प्लग काढायचे, तेही यासाठीच. एकच प्लग काढला तर सेल्फला बाकीच्या दोन सिलिंडरांचा दाबही ओढावा लागतो. (इग्निशन आणि इंजेक्टरची जोडणी मात्र आधी सोडवावी. उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना जवळ ठिणगी उडणं बरं नव्हे.) तुलनेच्या बाजूने आणखी एक पुरावा नव्या पद्धतींतच मिळतो. सेल्फ मारताना बॅटरीतून जाणारा करंट क्लॅम्प लावून मोजला, तर प्रत्येक सिलिंडर दाबाला येताच करंटची एक लाट उठते, आणि अशक्त सिलिंडरची लाट ठेंगणी असते. या पद्धतीत पीएसआयचा आकडा मुळी निघतच नाही, फक्त फरक दिसतो. तरी निदानाला ती उपयोगी पडते.

आकड्याइतकीच काट्याची चालही मी बघतो. चांगलं सिलिंडर पहिल्याच फुंकरीत काटा निम्म्याच्या पलीकडे नेतं आणि चार-पाच फुंकरींत टोक गाठतं. रिंगा झिजल्या असल्या तर पहिली फुंकर कमी पडते, पण काटा पायरी-पायरीने चढत राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिली फुंकरही कमी आणि नंतरची वाढही थोडीच. शेवटचा आकडा तेवढा लिहून घेणाऱ्याच्या हातून ही खूण निसटते.

यावर सरळ आक्षेप असा की तिन्ही सिलिंडर सारखीच झिजली असली तर तुलना आंधळी ठरेल. आक्षेप खरा आहे. पण सारखी घट दिसली की आधी कारणही सामाईकच शोधावं, आणि टायमिंग बेल्ट दात सोडून कॅम मागे पडला असेल तर नेमकं हेच होतं: इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतात आणि सगळे आकडे एकत्र खाली येतात. तिथे रिंगांना दोष देऊन इंजिन उघडणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. टायमिंग बरोबर असेल, ऑइल फिलरचं झाकण काढल्यावर धूर फुंकला जात असेल, ऑइलही कमी होत असेल, तर मात्र झीज मानावी. दुसरा आक्षेप ओल्या तपासणीचा: प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह, मग तुलना हवी कशाला? पण तेलही जागा व्यापतंच. ३३ सीसीच्या पोकळीत १० मिली तेल पडलं आणि सगळं वरच राहिलं, तर रेशो ९ वरून १२ च्या वर जातो. छोट्या इंजिनात निरोगी सिलिंडरचा आकडाही तेलाने चढेल. म्हणून तेल घालायचंच तर चांगल्या सिलिंडरलाही तेवढंच घालावं आणि दोघांच्या वाढीतला फरक वाचावा. म्हणजे परत तुलनाच.

ओल्या तपासणीने ‘व्हॉल्व्ह’ म्हटलं की हेड उतरवायची घाई होते, ती मला सर्वांत महाग चूक वाटते. विशेषतः सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत. व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, टॅपेटमधली फट मिटते आणि गरम झाल्यावर तो पुरता बसतच नाही. गेजवर हे अगदी जळालेल्या व्हॉल्व्हसारखं दिसतं, पण स्क्रूचे टॅपेट असतील तर फीलर गेज आणि पाना घेऊन थोड्या वेळात जुळणारं काम असू शकतं. आधी टॅपेट, मग पुन्हा मोजणी, हेड त्यानंतर. कंप्रेसरची हवा भरून करायची लीक-डाऊन तपासणी इथे सरस आहे हे मी मान्य करतो: फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक, ऑइल फिलरमधून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. पण तीत इंजिन जागच्या जागी उभं असतं, त्यामुळे झिजलेला कॅम किंवा सरकलेलं टायमिंग तिला दिसत नाही. ते फिरत्या इंजिनावरच कळतं.

जास्त आकड्यावरही मी खूश होत नाही. पिस्टनच्या डोक्यावर कार्बन साचला की पोकळी कमी होते आणि काटा वर जातो. एखादं सिलिंडर शेजाऱ्यांपेक्षा पंचवीस-तीस पीएसआयने वर दिसलं तर ऑइल आत येतं आहे का, हे मी आधी बघतो. राहिला समान झिजेचा आक्षेप. त्याचं खरं उत्तर असं की इंजिनाची तुलना त्याच्या स्वतःच्या भूतकाळाशीही करता येते. सर्व्हिस बुकच्या मागच्या कोऱ्या पानावर मी तीन आकडे लिहितो, प्रत्येकाशेजारी पहिल्या फुंकरीचा आकडा, आणि खाली तारीख, किलोमीटर, गाव, बॅटरीचं वय आणि कोणतं गेज वापरलं ते. पुढच्या खेपेला तेच गेज घ्यायचं, आणि त्याच्या नळीतला व्हॉल्व्ह मध्यंतरी बदलला असेल तर तेही त्याच ओळीत लिहायचं.