आता उतारच हाय

गुडघेदुखीला आपल्या घरांमध्ये मान आहे. गुडघा धरून कोणी उठलं, की घरातलं प्रत्येक माणूस आपापला उपाय घेऊन सरसावतं. कुणाचं तेल, कुणाचा एरंडाचा पाला, कुणाच्या मामांना लागू पडलेला पट्टा. खुब्याची तशी पत नाही. खुबा दुखतो म्हटलं की ऐकणारा आधी कंबर समजतो, मग मांडी समजतो, आणि शेवटी विचारतो, ‘म्हणजे नेमकं कुठे?’ चारचौघांत बोट ठेवून दाखवावं, तर जागाही अडचणीची. त्यातून माझा खुबा येऊनजाऊन दुखणारा. सतत दुखणाऱ्याच्या वाट्याला निदान सहानुभूती येते. अधूनमधून दुखणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. ‘अगं, परवा तर पळत होतीस!’

हो, परवा पळत होते. सगळी गोम त्या परवातच आहे.

शाळेत ‘उखळीचा सांधा’ म्हणून खुब्याचंच चित्र काढलं होतं. कंबरेच्या हाडातली खोलगट वाटी आणि तिच्यात बसलेला मांडीच्या हाडाचा गोल माथा. वहीत तो सांधा फार सुखी दिसायचा, कारण वहीतलं माणूस पळत नव्हतं. नुसतं चालतानाही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार पडतो. पळताना त्याहून बराच जास्त. पळणाऱ्याचे दोन्ही पाय एका वेळी जमिनीवर कधीच नसतात. दर पावलाला सगळा देह एका पायावर तोलायचा आणि कंबरेची दुसरी बाजू खाली कलू द्यायची नाही, हे काम खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू करतात. ते दमले की कंबर झुकते. ट्रेंडेलेनबुर्ग नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्ये हे झुकणं नोंदवून ठेवलं आणि फिजिओथेरपिस्ट आजही तेच बघतात.

मलाही आरशासमोर उभं केलं गेलं. ‘ताई, डावा पाय उचला.’ उचलला. काही सेकंद मी ताठ होते. मग ट्रॅकपँटच्या कमरेची पांढरी पट्टी, जी आत्तापर्यंत आडवी सरळ होती, ती डावीकडे उतरू लागली. आधी अगदी नकळत, मग सरळसरळ. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखरा पाय उजवा. मी त्याच्यावर उभी होते आणि तो तक्रार न करता मला खाली सोडत होता.

‘कुठे दुखतं ते नंतर,’ फिजिओ म्हणाली, ‘आधी कधी दुखतं ते सांगा.’ तिला मी सांगत गेले, तसा हिशेब माझ्याच ध्यानात आला. दुखणं कधीही वाईट दिवसांत उपटलं नव्हतं. दर वेळी ते चांगल्या पंधरवड्याच्या टोकाला आलं होतं. तिला यात नवल वाटलं नाही. वेदना लवकर ओसरते. स्नायूंना आणि त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना पुन्हा बळ यायला मात्र महिने लागतात. कंडरांना रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे त्यांचा कारभार सावकाश. म्हणजे दुखण्याला उतार पडतो तेव्हा बरं वाटतं, पण बरं झालेलं नसतं. या मधल्या दिवसांत कोणी आपल्याला अडवत नाही. व्यायामाचा रबरी बँड कपाटात जातो, सतरंजी गुंडाळली जाते, रविवारचं पळणं दोन किलोमीटरने लांबतं. दुखणं सोसायचं कसं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. बरं वाटणं सोसायचं कसं, हे शिकवणारं कोणी नसतं.

ते मला सातारच्या हिल हाफ मॅरेथॉनने शिकवलं. ही शर्यत पावसाळ्याच्या शेवटाला असते. वाट गावातून निघते आणि यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते. कासच्या पठारावर तेव्हा फुलं असतात, पण पळणाऱ्यांना ती दिसत नाहीत. त्याच्या बरंच आधी माघारी वळायचं असतं. म्हणजे ढोबळमानाने निम्मी शर्यत चढाची आणि निम्मी उताराची. सगळी धास्ती असते ती चढाची. नाव नोंदवल्यापासून लोक घाटाबद्दलच बोलतात.

घाटात त्या दिवशी धुकं होतं, रस्ता ओला होता. घरांच्या पायऱ्यांवर उभी राहिलेली पोरं टाळीसाठी तळहात पुढे करत होती. चढावर माणूस आपोआप शहाणं होतं. पाऊल आखूड पडतं, पाय शरीराच्या खालीच टेकतो, आणि जास्त हौस केली तर फुप्फुसं लगेच जाब विचारतात. खुबा कुरकुरला, पण ती कुरकुर कामाची होती. पाण्याच्या टेबलापाशी सगळेच विठ्ठल झाले होते, कटेवर हात ठेवून उभे. बाजूला दोन मुलं दुखऱ्या पायांवर स्प्रे मारत होती. मी पाणी घेतलं, स्प्रे नको म्हटलं. पुढे मला त्या खुब्याचं म्हणणं नीट ऐकू यायला हवं होतं.

माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर याच जिल्ह्यातली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी धावली, त्यानंतर तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय बाई. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पस्तीस वेळा खुबा पुरता उघडायचा आणि पस्तीस वेळा वरून येऊन एका पायावर टेकायचं. उडी मारण्यात जितकं बळ लागतं, त्याहून जास्त टेकण्यात लागतं, हे मला माझ्या मुंगीच्या पावलांनी माघारी वळल्यावर कळायचं होतं.

वळले, आणि सगळं सोपं झालं. वारा अंगावर आला, श्वास हलका झाला. धुकं फाटलं तसं खाली सातारा दिसला, पलीकडे अजिंक्यतारा. खुबा तर पुरता विसरला गेला. आणि हाच तो परवाचा दिवस! उतारावर पाऊल आपसूक लांबतं, पाय शरीराच्या पुढे जाऊन आदळतो. स्नायूंना एकीकडे ताणलं जात असतानाच गती आवरून धरावी लागते, आणि स्नायूंची खरी झीज अशा कामात होते. फुप्फुसं मात्र इथे काही बोलत नाहीत, त्यांची मजा चाललेली असते. मी पाऊल मुद्दाम चढावरच्याइतकं आखूड केलं. वळणं आली की चालले. चढावर मागे टाकलेली माणसं एकेक करून धडधडत पुढे गेली. एका पोराला माझी कीव आली.

‘मावशी, थांबलासा काय? आता उतारच हाय, सोडा की पाय!’

‘म्हणून तर धरलेत,’ म्हटलं. तो हसला आणि वळणाआड गेला.

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. शेवटचे ते मीटर मी पळाले, कारण तिथे लोक बघतात. पदक मिळालं, केळं मिळालं, वेळ फोनवर आली. ती मी घरी कोणाला सांगितली नाही. फिजिओच्या लेखी निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. रात्रीतून दुखणं वाढलं तर आदला दिवस जास्त झाला. सकाळी होतं तिथेच असेल तर निभावलं.

सकाळी जिना उतरले. मांड्या बोलत होत्या, खुबा नाही. आठवड्याभरात मांड्याही गप्प झाल्या आणि मी लिफ्ट सोडून जिन्याने धावत वर येऊ लागले. तेव्हा लक्षात आलं, घाट पुन्हा उतरणीला लागला. निमूट सतरंजी अंथरली, बँड काढला आणि कुशीवर आडवी झाले. दुखत असतं, तर त्या दिवशी सुट्टी घेता आली असती.