विद्यापीठाच्या माळावर पिशवीचा हिशेब

कोल्हापूरला जाणारा प्रवासी प्रथम अंबाबाईचे दर्शन घेतो, सायंकाळी रंकाळ्यावर जातो आणि परतीच्या वाटेवर गुळाची ढेप घेतो. शिवाजी विद्यापीठाचा परिसर पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करणारे थोडेच. वास्तविक तो पाहण्याजोगा आहे. १९६२ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ सुमारे साडेआठशे एकरांच्या माळावर पसरलेले आहे. मुख्य इमारतीसमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, मागे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचे ग्रंथालय, मधूनमधून पाण्याची तळी आणि दाट झाडी. पहाटे फिरावयास निघालो की मोरांचा केकारव ऐकू येतो.

पुतण्याच्या कन्येस तेथे पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला, त्या निमित्ताने चार दिवसांचा मुक्काम घडला. परिसर स्वच्छ होता. मात्र कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर येताच दृश्य पालटले. घाणेरीच्या झुडपांना पातळ पिशव्या अडकून फडफडत होत्या. कचऱ्याच्या ढिगापाशी एक गाय उरलेल्या अन्नासकट पिशवीच चघळत होती. पिशवीची गाठ सोडणे तिला जमणार नव्हते, आणि ती कोणी सोडून ठेवलेलीही नव्हती.

कायदा तर केव्हाच झाला आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात गटारे तुंबली, तेव्हा या पिशव्यांची पहिली मोठी चर्चा झाली. पुढे मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिक पिशव्यांवर सरसकट बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यास १०,०००, आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपयांसह तीन महिन्यांपर्यंत कैद. इतकी कडक तरतूद असताना झुडपे का फडफडतात, हा प्रश्न मनात घेऊनच मी दुसऱ्या दिवशी मुलीच्या मित्रमंडळींत जाऊन बसलो.

आठजण होते. अर्थशास्त्राचे, रसायनशास्त्राचे, एकजण समाजकार्याचा. बंदी असावी का, असे विचारता सर्वांनी एकमुखाने होकार दिला. जागतिक तापमानवाढीपासून पंचगंगेच्या प्रदूषणापर्यंत त्यांचे ज्ञान माझ्याहून अद्ययावत होते. मग मी विचारले, "आत्ता कापडी पिशवी जवळ आहे, असे कितीजण?" एकच हात वर आला.

या मुलांना ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही घरातून बाजाराला म्हणून निघायचा, तेव्हा पिशवी हातात असायची. आम्ही प्रयोगशाळेतून सुटतो, वाटेत भाजी दिसते, घेतो. पाठीवरच्या सॅकेत लॅपटॉप असतोय. ओली मेथी त्यात कशी घालू?" मला आमची शबनम आठवली. सत्तरच्या दशकात महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर ती असे. पुस्तके तीत आणि येताना चार वांगीही तीतच. पर्यावरण हा शब्द आमच्या तोंडी नव्हता. जगण्याची रीतच अशी होती की पिशवी आपोआप बरोबर राही. रीत बदलली, तेव्हा पिशवी सुटली.

सायंकाळी त्यांच्यासमवेत राजारामपुरीच्या बाजाराकडे गेलो. नेहमीच्या भाजीवाल्या मावशींना मुलांनी माझा प्रश्न विचारला. त्या हसल्या. "पिशवी न्हाई दिली तर गिऱ्हाईक फुडच्या पाटीकडं जातंय. आन् दिली तर दंडाची पावती माझ्याच नावानं फाटतीया. तुमी म्हणा, काय करू?" मघाशी आकडे सांगणारी मंडळी गप्प झाली. दंड सोसायचा मावशींनी आणि सोय भोगायची गिऱ्हाइकाने, ही विषम वाटणी त्यांना प्रथमच समोरासमोर दिसली असावी.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता दुखणे येथेच आहे. पिशवीची किंमत भाजीच्या दरात मुरलेली असते, म्हणून ती फुकट भासते. गटार उपसण्याचा, गायीच्या पोटावरील शस्त्रक्रियेचा खर्च तर कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. आयर्लंडने २००२ साली प्रत्येक पिशवीवर १५ सेंटचा कर थेट ग्राहकाकडून घेण्यास प्रारंभ केला. तेथे वर्षाला दरडोई अंदाजे ३२८ पिशव्या वापरल्या जात. ती संख्या २१ पर्यंत उतरली. कर क्षुल्लकच होता, पण तो प्रत्येक वेळी खिशातून, डोळ्यांदेखत जात होता.

परतताना रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने एक मुद्दा काढला. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवी तापमानवाढीच्या हिशेबात सरस ठरण्यासाठी ती १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकवण्यास पाणी, खत आणि वीज लागतेच. "म्हणजे कापडी पिशवी घेतली की पुण्य पदरात पडलं, असं नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी अकरा पिशव्या आहेत. सगळ्या लग्नातल्या नाहीतर परिषदेतल्या. कपाटात घडी करून ठेवल्यात."

वाचकहो, हे वाक्य मला आपल्या प्रत्येकाच्या कपाटापाशी घेऊन गेले. आपल्याकडील पूजा-विधान असो, विवाह असो वा स्नेहमेळावा, नाव छापलेली कापडी पिशवी देण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. हेतू उत्तमच आहे. परंतु न वापरलेली बारावी पिशवी हा पर्यावरणरक्षणाचा भाग नसून परिग्रहाचाच एक प्रकार होय. अपरिग्रहाचा पाठ आपण मुलांना द्यावा, तर येथे एका विद्यार्थिनीने तो मला अनवधानाने दिला.

त्या रात्री मुलांनी एक योजना मांडली. घरोघरच्या पडून असलेल्या पिशव्या गोळा करून मावशींकडे ठेवायच्या. ज्याच्याजवळ पिशवी नसेल त्याने दहा रुपये अनामत देऊन न्यावी आणि परत केल्यावर पैसे घ्यावेत. पिशव्या परत येतील का, अशी एकाला शंका होती. पस्तीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीवरून मी एवढेच सांगितले, की माणूस दुसऱ्याची वस्तू विसरतो, स्वतःची ठेव सहसा विसरत नाही. दुसऱ्या दिवशी मावशींनी मात्र व्यवहारी शंका काढली, "अनामत मोजत बसू का भाजी विकू?" तेव्हा संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी दोघांनी आळीपाळीने तेथे थांबायचे, असे ठरले.

योजना कितपत टिकेल हे परीक्षांचा हंगाम आला की कळेल. मुलांची मते पहिल्या दिवशीही योग्यच होती. चार दिवसांत भर पडली ती एका पाटीशेजारी उभे राहण्याच्या तयारीची. आपल्यापैकी जे पुढील मेळाव्याचे नियोजन करीत असतील, त्यांनी नव्या पिशव्या छापण्यापूर्वी निमंत्रणपत्रिकेत एक ओळ घालावी : येताना घरातली पिशवी आणावी.