लेकीची बॅट

गेल्या वर्षी लेकीच्या सॉफ्टबॉलसाठी आम्ही कॉम्पोझिट बॅट घेतली. लांबी 31 इंच, वजन 21 औंस, म्हणजे ‘ड्रॉप 10’. किंमत ऐकून पोटात गोळाच आला! दर फटक्यानंतर बॅट पाव फेरा फिरवायची, म्हणजे सगळीकडून सारखी रुळते, हेही तिला शिकवलं. पण मार्चच्या थंडीत ती रात्रभर गाडीच्या ट्रंकमध्ये राहिली आणि सकाळी सरावात तडकली. गारठ्यात चेंडू टणक होतो, कार्बनचे तंतू धरून ठेवणारं इपॉक्सी ठिसूळ होतं. घरात रसायनशास्त्राची पीएच.डी., आणि हे सुचू नये! लेक आम्हाला काहीच बोलली नाही, हेच जास्त लागलं.

आता 60 अंश फॅरनहाइटच्या खाली जुनी ॲल्युमिनियमचीच बॅट निघते. पुन्हा पैसे मोजून आणलेली नवी घरात, तिच्या पलंगाशेजारी असते.