निरोष्ठ : एका विशेषणाची फोड

मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) नावावर परंपरेने १०८ रामायणे सांगितली जातात. त्यांत एक 'निरोष्ठरामायण' आहे: ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून रचलेले. बारामतीला लागून असलेल्या जळोचीत राहून मराठी शिकवणाऱ्याला पंतांचा शेजार सुटत नाही. तथापि येथे विचार करावयाचा आहे तो 'निरोष्ठ' या विशेषणाचा.

व्याकरणदृष्ट्या त्याची फोड 'निर्' + 'ओष्ठ' अशी होते. वर्गात विद्यार्थी 'निर्'पाशी थांबून वाचतात. अर्थ कळतो, पण शब्द मोडतो. कारण उच्चारात उपसर्गातील 'र्' पुढच्या स्वराला जाऊन मिळतो आणि अक्षरे पडतात ती 'नि-रोष्-ठ' अशी. 'निर्दोष'मध्ये पुढे व्यंजन असल्याने तोच 'र्' मागे राहतो व पहिले अक्षर गुरू होते. येथे ते लघूच राहते. फ्रेंचमध्येही असेच घडते. तेथील नकारार्थी उपसर्ग व्यंजनापुढे केवळ अनुनासिक स्वर म्हणून उरतो ('अँसेर्तँ', अनिश्चित). स्वरापुढे मात्र त्यातील 'न्' मोकळा होऊन पुढील अक्षरात शिरतो ('इ-न्यू-तिल', निरुपयोगी).

छंद ही दुसरी फोडच मानतो. लघु-गुरु-लघु असा 'निरोष्ठ' हा चार मात्रांचा जगण आहे, आणि आर्येच्या शास्त्रात विषम स्थानी जगण निषिद्ध आहे. म्हणजे या रूपात हा शब्द आर्येच्या आरंभी येऊच शकत नाही. शिवाय 'ओ' हा कंठौष्ठ्य स्वर! ओठांचा निषेध करणारे विशेषण ओठ गोल केल्यावाचून उच्चारता येत नाही.

पवर्ग गेला की काय काय जाते? 'मोरोपंत' जातात, 'पराडकर' हे आडनाव जाते, 'मयूर' ही मुद्रा जाते, 'बारामती' जाते. आणि 'राम'ही जातो.

दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त ओष्ठ्य वर्ण टाळून बोलतो, त्याला कथेतच कारण आहे: प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावलेले आहेत. पंतांपाशी असे कारण नाही. म्हणून आपल्या समीक्षेने या रचनेला शब्दांची कसरत ठरवून बाजूस सारले. जॉर्ज पेरेक यांनी १९६९ मध्ये फ्रेंचमधील सर्वाधिक वापराचा स्वर गाळून कादंबरी लिहिली, तेव्हा त्या अभावात महायुद्धात गमावलेल्या आईवडिलांची खूण वाचली गेली. तेवढे औदार्य पंतांच्या वाट्याला का येऊ नये? ज्याच्यासाठी काव्य रचावयाचे त्याचेच नाव स्वतःला निषिद्ध करून घेणे, ही भक्ताने पत्करलेली लहानसहान अट नव्हे.

अर्थात, पंतांच्या मनात हेच होते असा दावा करता येणार नाही. परंतु ही रचना मोठ्याने म्हणणाऱ्याचे ओठ एकदाही मिटत नाहीत, आणि 'राम' म्हणावयाचे तर ते मिटावेच लागतात. केवळ डोळ्यांनी वाचणाऱ्या समीक्षेला हा ताण जाणवणार नाही. तो तोंडालाच कळतो.